सहाशे ग्रॅम म्हणजे एक माकड

खांडबाऱ्यात जन्मून, खांडबाऱ्यातच किराणा दुकान चालवून, सुरतेच्या पलीकडे कधी पाऊल न टाकता ब्राझीलच्या जंगलातल्या माकडांची रोज सकाळी उठून काळजी करणारा मनुष्य या पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो नेमका माझा घरमालक आहे. मी इथल्या शाळेत गणित शिकवतो. अकरा वर्षांपूर्वी बदली होऊन आलो आणि त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या बघायला गेलो. इतर घरमालक विचारतात, माणसं किती, पाहुणे फार येतात का, पाणी किती लागतं. यांनी आधी मांसाहाराचं विचारलं, कारण जैन घर; आणि मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "सर, सिंहमाकड माहीत आहे का?" मी नाही म्हणालो. "सायन्सचे ना तुम्ही?" मी म्हणालो, गणिताचा. "मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी मोठ्या मनाने मला माफ केलं आणि किल्ली दिली. सायन्सचा असतो तर खोल्या मिळाल्या नसत्या असं मला आजही वाटतं.

या वेडाचं मूळ रद्दीत आहे. शेठ अजूनही धणे, जिरं, मोहरी कागदाच्या पुडीत बांधून देतात, आणि पुडी करण्याआधी तो कागद दोन्ही बाजूंनी वाचतात. गिऱ्हाईक कितीही ताटकळलं तरी वाचतात. कुणाचा निकाल, कुणाचं श्राद्ध, कुठल्या तरी राज्यातला पूर, सगळं वाचून झाल्याशिवाय त्यात धणे पडत नाहीत. अशाच एका दिवशी, मी इथे यायच्या बऱ्याच आधी, लहान मुलांच्या कुठल्या तरी रंगीत मासिकाचं अर्धं पान त्यांच्या हातात आलं. त्यावर एका सोनेरी केसांच्या, तोंडाभोवती आयाळ असलेल्या, मुठीत मावेल एवढ्या तोंडाच्या माकडाचं चित्र होतं, आणि त्याच्या पाठीवरून दोन पिल्लं डोकावत होती. खाली लिहिलं होतं की पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडणारा हा बाप आहे, आई नव्हे. पुढचा मजकूर खालच्या अर्ध्या पानावर, आणि खालचं अर्धं पान तर तासापूर्वीच विसरवाडीच्या एका बाईच्या धण्यांबरोबर गेलेलं! शेठनी दुकानाची फळी अर्धी लावली, एसटी पकडली आणि विसरवाडीला त्या बाईच्या दारात जाऊन उभे राहिले. बाई घाबरली. "शेठ, धना खराब शेतस का?" शेठ म्हणाले, "धना ऱ्हाऊ दे माय, मन्हा कागद दे." कागदावर बाईने चूल पेटवली होती. शेठ पाणी पिऊन परत आले, आणि त्या जळलेल्या अर्ध्या पानात काय असेल याचा शोध त्यांनी त्या दिवसापासून जो सुरू केला तो आजतागायत चालू आहे. पुढे मोबाईल आला आणि शोध सोपा झाला, पण तोवर वेड पक्कं मुरलं होतं.

त्या माकडाचं इंग्रजी नाव त्यांना येतं, पण ते घेत नाहीत. 'आपला सोनेरी' म्हणतात. आपला सोनेरी पावसाळी जंगलात उंच झाडांवर राहतो, झाडाच्या ढोलीत झोपतो, लांब बोटांनी सालीच्या फटी चाचपतो, आणि त्याचं जंगल तोडून तोडून आता नुसते तुकडे उरलेत, म्हणून तोही थोडाच उरलाय. हे मला तोंडपाठ आहे, कारण अकरा वर्षांत जिना चढता-उतरता मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पण गावाला ही माहिती मिळते ती वजनातून. आपल्या सोनेरीचं वजन साधारण सहाशे ग्रॅम. त्यामुळे शेठच्या दुकानात सहाशे ग्रॅम म्हणजे एक माकड. बाराशे म्हणजे दोन. काट्यावर गुळाची ढेप ठेवून, तुकडा काढत घालत सहाशेवर आणला की ते गिऱ्हाइकाला म्हणतात, "हे बघ, भरलं एक माकड. एवढासा जीव, आणि त्याच्यावर काय वेळ आली!" एकदा नांगराची पाळी टाकून घाईने आलेला एक म्हातारा कावला. "शेठ, मी गूळ लेवाले उनू, माकड नही!" शेठनी त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हातारा उठला तेव्हा म्हणे डोळे पुसत होता. हे मला शेठनीच सांगितलं, तेव्हा डोळे पुसत होता की डोळे चोळत होता, ते देव जाणे.

सूर्यास्ताआधी जेवण आटोपायचं हा त्यांच्या घरचा पिढीजात नियम. आपला सोनेरीही सूर्य मावळायच्या आत ढोलीत शिरतो हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला तो एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा पत्ता सापडल्यासारखा होता. "महाराजसाहेब सांगतात तेच तो करतो, सर. कुणी शिकवलं त्याला?" पण या आनंदात एक खडा होता. आपला सोनेरी फळं खातो, फुलांतला रस चाटतो, आणि किडेही खातो. ही गोष्ट शेठ घरातल्या कुणाच्या व्यसनाबद्दल बोलावं तशी, हळू आवाजात, इकडेतिकडे बघून सांगत. पर्युषणात तर हा विषय काढायचाच नाही. एकदा माझ्यातला खोडसाळ मास्तर जागा झाला आणि मी मोबाईल उघडून भर दुकानात वाचून दाखवलं, की किडेच काय, कोळी, छोटे सरडे, जमल्यास पक्ष्यांची अंडीसुद्धा. शेठचा चेहरा उतरला. बराच वेळ तागडी पुसत राहिले. मग म्हणाले, "सर, प्रत्येकाच्या घरात एखादी गोष्ट असते. आपण काय चावडीवर वाचत सुटतो का?" दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चुकलं माझं, हे मी कबूल करतो.

आपल्याकडच्या वानरांवर मात्र त्यांचा भारी राग. उन्हाळ्यात काळतोंड्यांची टोळी आमच्या पत्र्यावर येते. गाव त्यांना हात जोडतं, चणे टाकतं. शेठ गल्लीत उभे राहून बोट उगारून टोळीच्या म्होरक्याला झापतात. "बस, बस असाच शेपूट सोडून! पोर कुणाच्या गळ्यात लटकलंय बघ. लाज वाटू दे!" म्होरक्या खाजवतो. शेठ वर माझ्या खिडकीकडे बघून म्हणतात, "बघितलंत सर? सगळं बाईमाणसाच्या अंगावर. आपला सोनेरी असा नाही." वानराला शरमिंदं करण्याचा हा उद्योग दर उन्हाळ्यात चालतो, आणि वानरं दर उन्हाळ्यात येतात.

इथपर्यंत ही सगळी गंमतच होती. मीही सुट्टीत गावी गेलो की घरमालकाचे किस्से सांगून भाव खायचो. मग मागच्या वर्षी त्यांची मुलगी बाळंतपणाला आली.

एकुलती एक मुलगी, सुरतेला दिलेली. शेठच्या पत्नी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, त्यामुळे पहिल्या बाळंतपणासाठी शेठची थोरली बहीण नंदुरबारहून मुक्कामाला आली. तिला सगळे भुवाजी म्हणतात. मुलीला जुळं आहे असं कळलं त्या दिवशी शेठनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले, आणि त्या आनंदाच्या भरात सुरतेला विहिणीला फोन लावून म्हणाले, "चिंता करू नका, जुळं म्हणजे उत्तमच. माकडांत तर नेहमी जुळीच होतात!" पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. पुढे पंधरा दिवस सुरतेहून कुणी फोन उचलला नाही. आपलं काय चुकलं हे शेठना समजावता समजावता भुवाजींचा घसा बसला, तरी ते म्हणतच होते, "मी आपल्या सोनेरीचं म्हणालो, कुठल्याही माकडाचं नाही."

मुलं वेळेआधी झाली. दोघं मुलगे, एवढेएवढेसे. घरी आणल्यावर शेठनी दुकानाच्या काट्यावर स्वच्छ धुतलेलं परातीएवढं ताट ठेवून त्यांना तोललं आणि मला वर हाक मारून सांगितलं, "तीन-तीन माकडं, सर." आवाजात नेहमीचा उत्साह नव्हता. आणि आठ-दहा दिवसांत घराचा रंगच बदलला. एक निजलं की दुसरं उठायचं. मुलीला डोळ्याला डोळा लागेना. ती जेवेना, बोलेना, मग नुसती भिंतीकडे बघत बसायला लागली. एका सकाळी जिन्यात असताना मी तिचा आवाज ऐकला. "घेऊन जा यांना. मला नाही जमत. मी यांची कुणी नाही." भुवाजी म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठमोहरी ओवाळून झाली. मुलीने मुलांना जवळ घ्यायचं जवळजवळ सोडलं, आणि भुवाजींचे गुडघे असे की एक मूल उचललं तर दुसऱ्याला उचलायला तिसरं माणूस लागावं. पुरुषांनी बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, सव्वा महिना मूल हातात घ्यायचं नाही, हा भुवाजींचा कायदा. जावई रविवारच्या गाडीने यायचा, बैठकीत खुर्चीवर बसायचा, सरबत प्यायचा, मोबाईल बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीने जायचा. वाईट नव्हता बिचारा. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे दृष्टीचं नाही, बाळंतपणानंतर असं होतं, गोळ्या देते, पण हिला झोप हवी. पाजण्यापुरती मुलं हिच्याकडे द्या, बाकी वेळ दुसऱ्या कुणीतरी सांभाळा. शेठनी हे ऐकलं आणि मान हलवली. परतीच्या गाडीत ते एक अक्षर बोलले नाहीत. मी बरोबर होतो, म्हणून सांगतो, मला त्यांची भीती वाटायला लागली. बायको गेली तेव्हाही हा माणूस इतका गप्प नव्हता. खांडबारा आलं तेव्हा म्हणाले, "दुधापुरतं आईकडे. बाकी बापाच्या पाठीवर. सर, हे मी गावाला वीस वर्षं सांगतोय आणि माझ्याच घरात कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही."

घरी जाऊन ते सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरले. भुवाजींनी दार अडवलं, देवाधर्माची शपथ घातली. शेठ म्हणाले, "जिजी, बाजूला हो. पोरगी जाईल माझी." दोन्ही मुलं घेऊन बाहेर आले, खोलीचं दार ओढून घेतलं आणि धोतर फाडून मुलांना अंगाला बांधायला लागले. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. दुकानापुढे ही गर्दी, आणि आत शेठ धोतराच्या पट्ट्यांत गुरफटलेले, एक मूल बगलेत, दुसरं पोटावरून घसरतंय, दोघं टाहो फोडतायत. लोक हसायला लागले. मीही मदत करायची सोडून नुसता बघत उभा होतो.

डोंगराकडच्या पाड्यावरून डिंक विकायला येणारी एक मावशी आहे, शेठची जुनी ओळखीची. ती पाटी खाली ठेवून पुढे आली. "शेठ, असं नही. पोऱ्या पडी जाई. आन आठे." तिने पाटीत अंथरलेलं आपलं जुनं मऊ लुगडं काढलं, झटकलं, शेठना पाठमोरं उभं केलं आणि दोन वेढे, एक गाठ, एक मूल पाठीवर, मग पाटीवर झाकलेलं दुसरं लुगडं, तिरकं, दुसरं मूल छातीवर. इतका कमी वेळ लागला की मी सांगेपर्यंत झालंसुद्धा. मुलं गप्प. शेठ थक्क. "कोणी शिकाडं तुले हाई?" त्यांनी विचारलं. मावशीला प्रश्नच कळला नाही. "शिकाडानं काय त्यामा? आमनाकडे बाप बी पोरंसले पाठवर लेतस," ती म्हणाली आणि पाटी उचलून डिंकाचं गिऱ्हाईक बघायला गेली. शेठ तिच्याकडे बघतच राहिले. ही बाई वीस वर्षं दर बाजाराला त्यांच्या दुकानापुढे बसत होती, तिच्या पाड्यावरचे बाप पोरं पाठीवर बांधून मीठ न्यायला येत होते, आणि शेठ काट्यावर गूळ ठेवून त्यांना ब्राझीलचं सांगत होते.

त्या दिवशी शेठनी पाठीवर एक आणि छातीवर एक नातू बांधून दुकान चालवलं. मिरचीची पोती तेवढी त्यांनी मागच्या गोदामात हलवली आणि हळद-तिखटाच्या गिऱ्हाइकाला हात जोडून दुसरीकडे पाठवलं. मुलगी दुपारी झोपली ती ऊन कलेपर्यंत झोपली. मधे एकदा पाजण्यासाठी मुलं आत गेली, लगेच परत पाठीवर आली. हे रोजचं झालं. लोक आधी बघायला यायचे, मग सवयीने माल घ्यायला यायला लागले. आणि एक दिवस, पंधरवडा झाला असेल, मी पोह्यांसाठी उभा असताना आतला पडदा हलला आणि मुलगी बाहेर आली. केस विंचरलेले होते. बाप पाठीवर पोर घेऊन, डुलत डुलत, तूरडाळ तोलत होता. ती बघत राहिली आणि म्हणाली, "पप्पा, फक्त शेपटी लावायची राहिलीय." आणि हसली. शेठनी मागे न बघताच सांगितलं, "शेपटी त्यांची पकडायच्या कामाची नसते. तोल सांभाळायला असते." एवढं शास्त्रशुद्ध बोलले, आणि डाळीचं माप भलत्याच डब्यात ओतलं. मी पोहे न घेताच वर आलो, कारण मला भरून आलं होतं आणि गणिताच्या मास्तरांना ते शोभत नाही.

पुढच्या रविवारी जावई आला, खुर्चीवर बसला, खिशातून मोबाईल काढला. शेठ समोर जाऊन उभे राहिले. "जवाईसा, पाठ इकडे करा." आतून भुवाजींचा आवाज आला, "हे राम! जवाईसा के हाथ में टाबर?" शेठ म्हणाले, "पोर हातात नाही, पाठीवर." जावयाने निमूट पाठ केली. लुगड्याची गाठ आता शेठना मावशीसारखी येत होती. तो पोरगा पहिल्यांदा काठीसारखा ताठ उभा राहिला, मग चार पावलं चालला, मग गल्लीच्या टोकापर्यंत गेला. परत आला तेव्हा मूल त्याच्या मानेवर तोंड टेकून झोपलं होतं आणि त्याला संध्याकाळच्या गाडीची आठवण राहिली नव्हती. त्यानंतर तो शनिवारीच यायला लागला.

मुलं वाढली. चार माकडं, पाच, सात. दर बाजाराच्या दिवशी वजन व्हायचं आणि मावशी पाटी ठेवून आधी तो आकडा ऐकायची. मुलगी दुकानात बसायला लागली, बापाला दरडावायला लागली. पाचव्या महिन्यात दोघांनीही दहा गाठले, आणि सुरतेहून न्यायला माणसं येणार असा निरोप आला.

स्टेशनवर मी गेलो होतो. जावयाने एक मूल पाठीवर, एक छातीवर बांधलेलं, फलाटावर लोक माना वळवून बघतायत, आणि त्याला त्याचं काही नाही. मुलीने डब्यात चढताना बापाला वाकून नमस्कार केला आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडली. गाडी गेली. आम्ही बाकावर बसलो. मला कित्येक वर्षांची एक शंका होती. शेठचं व्याख्यान नेहमी पिल्लं बापाच्या पाठीवर असेपर्यंतच चालतं, त्यापुढे ते कधी जात नाहीत. पुढचं मी मोबाईलमध्ये केव्हाच वाचलं होतं, त्यांची चूक काढायला मिळेल म्हणून. पण त्या दिवशी मी चूक काढायला विचारलं नाही. म्हणालो, "शेठ, पिल्लं मोठी झाली की पुढे काय होतं?"

"जातात," ते म्हणाले. "टोळी सोडून जातात. दुसऱ्या टोळीत." मग रुळांकडे बोट केलं. "पण जंगलाचे तुकडे झालेत ना सर, मधे माळ, मधे रस्ते. जायला वाटच नाही. मग तिथंच राहतात, तिथंच संपतात. म्हणून तिकडची माणसं एका तुकड्यापासून दुसऱ्या तुकड्यापर्यंत झाडं लावतात. त्यांना जाता यावं म्हणून. पोरं गेली पाहिजेत सर, गेली तरच टिकतील." मग चष्मा काढून उपरण्याने पुसला, तो बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "मला फार वाईट वाटतंय."

आम्ही चालत परत आलो. दुकान सूर्यास्ताच्या आत बंद झालं, नेहमीसारखंच.

महिनाभर मी बघत होतो. रद्दी वाचणं चालू होतं, पण व्याख्यान बंद. वानरं पत्र्यावर येऊन गेली, कुणी त्यांना रागावलं नाही. शेवटी मला राहवेना. खाली उतरलो आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपणहून म्हणालो, "शेठ, सहाशे ग्रॅम गूळ द्या." त्यांनी ढेप काढली, फोडली, तुकडा घातला, काढला, परत घातला. काटा थांबला. मी वाट बघत होतो.

"सहाशे," ते म्हणाले.

कागद घेतला, या बाजूने वाचला, त्या बाजूने वाचला, गूळ बांधला. पुडी माझ्या हातात देताना त्यांची नजर रिकाम्या काट्यावर होती.

"सुरतेला आता अकरा-अकरा भरली असतील, सर," ते म्हणाले.